गिट्टी, जिप्सम भिंतीची

भिंतीच्या भोकात बसून स्क्रूला पकड देणारा छोटा भाग. ठाणे-नवी मुंबईच्या हार्डवेअर दुकानांत लाकूड, प्लॅस्टिक व धातू या सर्व प्रकारांना हा शब्द चालतो. विदर्भात गिट्टी म्हणजे खडी, तिच्याशी याची गल्लत करू नये. ही नोंद जिप्सम बोर्डाच्या पोकळ पार्टिशनपुरती आहे.

पूर्वी विटांच्या भिंतीत छिन्नीने खाच करून लाकडी गुटका ठोकत. तागाच्या तंतूंची तयार गिट्टी इंग्लंडमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी काढली. तिचे साल १९१० ते १९१३ दरम्यान निरनिराळे दिले जाते. पेटंटच्या क्रमांकावरून १९११ धरणे अधिक सयुक्तिक. ‘रावल प्लग’ हे त्यांच्याच नावाचे रूप. पसरणारी नायलॉनची गिट्टी जर्मनीत आर्टूर फिशर यांनी १९५८ मध्ये आणली. बोर्डाचा उगम सामान्यतः ऑगस्टीन सॅकेट यांच्या १८९४ च्या अमेरिकी पेटंटपाशी नेतात. मात्र त्यात कागद व प्लास्टरचे थर आलटून पालटून होते, आजच्यासारखा एकसंध जिप्समचा गाभा नव्हता.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आजच्या बोर्डाचे बळ बाहेरच्या दोन कागदांत असते. नेहमीचा बोर्ड १२.५ मिमी जाड. साधी गिट्टी विटेत फुगून घट्ट होते. बोर्डात फुगली की जिप्समचा भुगा होतो आणि गिट्टी स्क्रूसोबत फिरू लागते. म्हणून पकड मागच्या कागदाआडून घ्यावी लागते. फोटो-घड्याळाला रुंद आट्यांची पिळायची गिट्टी पुरते (७-८ किलोपर्यंत). त्यापुढे छत्रीसारखी उघडणारी धातूची गिट्टी घ्यावी. एम-५ मापाला (५ मिमी स्क्रूची गिट्टी) साधारण १० मिमी भोक लागते. ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, नाहीतर मागचा कागद फाटतो. वाकवलेली तार भोकात घालून मागची पोकळी आधी मोजावी. गिट्टीच्या कॉलरचे (तोंडाच्या कडेचे) दात बोर्डात रुतवून स्क्रू आवळावा. हाताला अडल्यासारखे लागले की थांबावे.

वजनाइतकेच ते भिंतीपासून किती पुढे आहे, हे पाहावे. १०० मिमी उंच ब्रॅकेटवर १० किलोचा मध्य १५० मिमी पुढे असेल, तर वरच्या स्क्रूंवर बाहेरच्या दिशेने सुमारे १५ किलोची ओढ पडते. खोल शेल्फ उपटते ते यामुळे.

बोर्डामागचे जीआय स्टड (जस्त चढवलेल्या पत्र्याचे उभे खांब) बहुधा ६०० किंवा ६१० मिमी अंतरावर असतात. भिंतीवर चुंबक फिरवला की स्क्रूंची उभी रांग सापडते. स्टडचा पत्रा जेमतेम अर्धा मिमी. त्यात लाकडाचा स्क्रू टिकत नाही, पत्र्याचाच हवा. स्विचच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नये, तिथून वायर गेलेली असते.

भरलेला २५ लिटरचा गीझर पाण्यानेच २५ किलो होतो. तो काँक्रीटच्या भिंतीवरच लावावा. टीव्ही किंवा किचनच्या कपाटासाठी बोर्ड बंद होण्याआधी स्टडमध्ये १८ मिमी प्लाय बसवून घ्यावा.

खाडीकाठच्या दमट हवेत साधे स्क्रू गंजतात. बाथरूमलगत हिरवा बोर्ड व स्टेनलेस स्क्रू वापरावेत. हिरवा बोर्डही ओलावा सोसतो इतकेच. गळतीने भिजला तर त्यातली पकड जाते.

सैल झालेले भोक पुट्टी भरून पुन्हा वापरू नये. नवे भोक किमान ५०-६० मिमी दूर घ्यावे.