गिगाबिट राउटरला एका पॅकेटसाठी वेळ किती मिळतो?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक ऑफर फिरत होती, "१२०० एमबीपीएसचा सुपरफास्ट राउटर, फक्त आजच", आणि खाली लगेच अंगठ्यांची रांग. फोटो झूम करून बघितला तर मागच्या बाजूला पोर्टांशेजारी बारीक अक्षरात १०/१००. म्हणजे ज्या वायरीतून इंटरनेट त्या डब्यात शिरणार ती वायरच १०० च्या वर जात नाही, मग हे १२०० आले कुठून? तर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, दोघांची बेरीज ११६७, आणि ती वर ढकलून १२००. तुमचा एक फोन एका वेळी साधारण एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. आणि वायफाय कितीही धावलं तरी बाहेरून येणारं १०० च्या दारातूनच येणार ना!

मी आपला वायरवाला माणूस. जे जागचं हलत नाही त्याला वायर द्यावी, टीव्ही, डेस्कटॉप, दुकानातलं बिलिंगचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, आणि वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट घेऊन छताला लावावा. म्हणजे राउटर फक्त राउटरचं काम करतो. हा लेख त्या बिनॲन्टेनाच्या राउटरबद्दल आहे.

आधी वायरीचं उरकून घेऊ कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, नेहमीच्या जोडणीत नारंगी आणि हिरवी, प्लगमधल्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र चारही जोड्या लागतात. केबल टाकायला आलेल्या मुलाने घाईत क्रिम्पिंग करताना तपकिरी तार जराशी आखूड कापली आणि ती पिनपर्यंत पोचलीच नाही, तर नेट बंद पडत नाही, बऱ्याचदा दोन्हीकडच्या चिप आपसात ठरवून गुपचूप १०० वर उतरतात. मग तुम्ही ३०० चा प्लॅन भरताय आणि स्पीडटेस्ट ९४ वर अडकून बसलीये, आणि शिव्या खातो राउटर. प्लग उजेडात धरून पुढच्या टोकाकडून बघा, पारदर्शक प्लास्टिकमधून तांब्याचे आठही ठिपके दिसले पाहिजेत. सात दिसले की प्लग कापून नवा लावायचा, दहा मिनिटांचं काम.

आता कुणीतरी विचारणारच की ९४ का, १०० का नाही? आणि गिगाबिटवर ९४० च का दिसतात, बाकीचे ६० कुणी खाल्ले? कुणीच नाही. इंटरनेटवरचा डेटा पॅकेटमध्ये तुकडे होऊन जातो आणि एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट. त्याला इथरनेटचं पत्त्याचं वेष्टण १४ बाइट, शेवटी चूक पकडायचे ४, सुरुवातीला "येतोय बरं का" सांगणारे ८, आणि दोन पॅकेटमध्ये सक्तीची मोकळी जागा १२ बाइट इतकी. झाले १५३८. आतल्या १५०० मधूनही आयपी आणि टीसीपी या इंटरनेटच्या दोन नियमांच्या पत्त्या-क्रमांकांच्या नोंदींचे मिळून साधारण ५२ जातात. तुमचा खरा माल १४४८. भागून बघा, ९४ टक्के. म्हणजे ९४० दिसले तर लाइन एकदम ठणठणीत आहे, कस्टमर केअरला फोन करू नका.

आणि इथूनच माझ्या आवडीचा विषय सुरू होतो.

गिगाबिट वायरीवर एक बिट जायला एक नॅनोसेकंद लागतो, सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. १५३८ बाइट म्हणजे १२,३०४ बिट, म्हणून सगळ्यात मोठं पॅकेट १२.३ मायक्रोसेकंदात जातं, सेकंदाला जेमतेम ८१ हजार पॅकेट. पण सगळ्यात छोटं पॅकेट वेष्टणासकट ८४ बाइटचं असतं, ६७२ बिट, म्हणजे ६७२ नॅनोसेकंद. अशा पॅकेटांनी वायर भरली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार पॅकेट! दोन्ही वेळा खोक्यावर छापायचा आकडा एकच, १ गिगाबिट. पण आतल्या प्रोसेसरच्या दृष्टीने कामात अठरा पट फरक. एसटीच्या कंडक्टरला प्रवाशाच्या वजनाशी देणंघेणं नसतं, माणशी एक तिकीट, त्याचा वेळ जातो तो तिकिटामागे. राउटरचा वेळ जातो तो पॅकेटमागे.

त्या प्रत्येक पॅकेटचं राउटर करतो काय? बरंच काही. पॅकेट धड आलंय का ते तपासायचं. ते कुठे चाललंय बघायचं. त्यातला एक आयुष्याचा आकडा असतो तो एकने कमी करायचा, म्हणजे रस्ता चुकलेलं पॅकेट जगभर कायमचं फिरत राहत नाही. मग नॅट. आयपीच्या जुन्या पद्धतीत पत्तेच मुळात ४२९ कोटी, जगात यंत्रं त्याहून जास्त, म्हणून १९९४ मध्ये ही पळवाट कागदावर आली की अख्ख्या घराने एकच पत्ता वापरायचा. आत तुमचा लॅपटॉप १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खाजगी पत्त्यावर, बाहेर जाताना राउटर तो पत्ता खोडून स्वतःचा लिहितो, सोबत एक पोर्ट नंबर लावतो, आणि कुणाचं पॅकेट कुठल्या नंबरने गेलं याची नोंद एका तक्त्यात ठेवतो. उत्तर आलं की तक्ता उघडायचा, नोंद शोधायची, पत्ता उलटा बदलायचा. पत्ता बदलला की चेकसम, म्हणजे चूक पकडायची बेरीज, बदलते, ती नव्याने मांडायची. फायरवॉलचे, म्हणजे काय आत सोडायचं नि काय अडवायचं याचे, नियम एकामागून एक लावून बघायचे. नंतर पुढच्या पोर्टच्या रांगेत उभं करायचं.

आणि हे सगळं ६७२ नॅनोसेकंदात. ८८० मेगाहर्ट्झचा एमटी७६२१ नावाचा प्रोसेसर घ्या, मायक्रोटिक कंपनीच्या जुन्या हेक्स राउटरमध्ये आणि युबिक्विटी कंपनीच्या एजराउटर एक्समध्ये हाच बसवलाय. ६७२ नॅनोसेकंदात त्याच्या एका कोअरचे ठोके पडतात ५९१. एवढ्यात वरचं सगळं. नोंद कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या मेमरीत, सापडली तर ठीक, नाही सापडली आणि रॅमपर्यंत जावं लागलं तर एका खेपेला शंभरेक नॅनोसेकंद जातात, म्हणजे ८८ ठोके नुसते वाट बघण्यात. सहा खेपा झाल्या की वेळ संपला, पुढचं पॅकेट दारात. शिवाय गिगाबिट दोन्ही दिशांनी एकदम चालतं, म्हणजे हिशोब दुप्पट. (इथे डोकं भणभणलं असेल तर पुढचा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल, मला वाईट वाटणार नाही. थोडंसं वाटेल.)

मग हे स्वस्त डबे गिगाबिट देतात कसे? दोन युक्त्या. पहिली, एखाद्या कनेक्शनचं पहिलं पॅकेट सगळ्या नियमांतून रीतसर न्यायचं, आणि एकदा ठरलं की हे कनेक्शन चांगलं आहे तर त्याच्या पुढच्या पॅकेटांना आडवाटेने थेट पलीकडे सोडायचं, मायक्रोटिकवाले याला फास्टट्रॅक म्हणतात. दुसरी युक्ती त्याहून भारी, चिपमध्येच एक वेगळं सर्किट ठेवायचं ज्याला फक्त हेच काम येतं, पत्ता बदल, चेकसम सुधार, पुढे ढकल. प्रोसेसर त्याला नोंद शिकवतो आणि बाजूला होतो, पॅकेट प्रोसेसरला शिवतही नाहीत. याला हार्डवेअर ऑफलोड किंवा हार्डवेअर नॅट म्हणतात. पण या सर्किटला तेवढंच येतं. तुम्ही पॅरेंटल कंट्रोल चालू केलं, कुठला फोन किती डेटा खातो याचा आलेख चालू केला, क्यूओएस, म्हणजे कुणाचं पॅकेट आधी सोडायचं याची व्यवस्था, लावलं, की बऱ्याच मॉडेलमध्ये पॅकेट पुन्हा प्रोसेसरकडे वळतात आणि ९४० चे तीनशे होतात. एकाच राउटरला एक जण पाच तारे देतो आणि दुसरा "बकवास" लिहितो, दोघंही खरं बोलत असतात, एकाचं ऑफलोड चालू असतं आणि दुसऱ्याचं बंद.

क्यूओएसचा विषय निघालाच आहे तर रांगेबद्दल थोडं. ऑफिसमध्ये कुणी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवायला घेतली की दुसऱ्याची मीटिंग अडखळते, हा अनुभव सगळ्यांचा. वेग कमी पडला असं वाटतं पण बहुतेक वेळा दोष रांगेचा असतो. समजा अपलोड २० एमबीपीएस आहे आणि वाटेतल्या मोडेमने अडीच एमबीचा बफर, म्हणजे पॅकेटांना थांबायची जागा, ठेवलाय, तो भरला की प्रत्येक नवं पॅकेट एक अख्खा सेकंद ताटकळतं. जिम गेटिस यांनी या दुखण्याकडे जगाचं लक्ष वेधलं, बफरब्लोट हे नावही त्यांच्यामुळेच रूढ झालं, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा उतारा दिला. कल्पना फार सुंदर आहे: रांग किती लांब ते बघायचंच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघायचं. सलग १०० मिलिसेकंदात एकदाही थांबण्याचा वेळ ५ मिलिसेकंदाच्या खाली आला नाही, तर एक पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचं. पाठवणारा कॉम्प्युटर समजतो की पुढे गर्दी आहे आणि आपणहून हळू होतो. आज ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर टाकायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएम नावाने हे मिळतं. पण याला प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातातून जावं लागतं, त्यामुळे वरचा तोच ८८० मेगाहर्ट्झवाला एक-दोनशे एमबीपीएसवर दम टाकतो. ५०० च्या वरची दोन्हीकडून सारखी लाइन असेल तर रांग तशीही क्वचित भरते, नाही लावलं तरी चालतं.

"गेमिंग" लिहिलेल्या लाल-काळ्या राउटरबद्दल एकच सांगतो. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० च्या आसपास, जाऊन येऊन झाले ३९ मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही. सिंगापूरच्या सर्व्हरवरचा पिंग याच्या खाली आणणारा राउटर अजून कुणी बनवलेला नाही. सोन्याच्या मुलाम्याची कॅट ८ केबल पण तशीच, ती डेटा सेंटरमध्ये ३० मीटरच्या आत २५ नि ४० गिगाबिटसाठी असते, तुमच्या गिगाबिटला कॅट ५ई पुरते, नवीन टाकताय तर कॅट ६ टाका, फक्त आतली तार खऱ्या तांब्याची आहे ना ते बघा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली खूप विकली जाते. आणि राउटरवर चिकटवायचे रेडिएशनविरोधी स्टिकर, त्यांनी खरंच लहरी अडवल्या तर वायफाय बंद पडेल, बंद पडत नाही यातच काय ते कळलं. २०२० मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप सादर केली होती आणि शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता.

बरं, घ्यायचं काय? घरी ३०० पर्यंतचा प्लॅन आणि नुसतं वापरायचंय, तर सगळे पोर्ट गिगाबिट असलेला कुठलाही साधा राउटर, जास्त विचार नको. दुकान, क्लिनिक, सीएचं ऑफिस असेल तर टेस्टचे आकडे जाहीर करणारी कंपनी बघा. मायक्रोटिक प्रत्येक मॉडेलखाली ६४, ५१२ आणि १५१८ बाइटच्या पॅकेटांचे निकाल तक्त्यात देते. १५१८ चा रकाना जाहिरातीचा, ६४ चा छळाचा, तुम्ही ५१२ चा बघायचा आणि त्यातही २५ फिल्टर नियमांची ओळ, ती तुमच्या प्लॅनच्या दुप्पट असली की निर्धास्त. गिगाबिट लाइनवर एसक्यूएम किंवा व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा कुलूपबंद खाजगी बोगदा) हवंय तर एन१०० प्रोसेसरचा दोन-चार पोर्टवाला छोटा पीसी घेऊन त्यावर ओपनडब्ल्यूआरटी किंवा तसंच दुसरं सॉफ्टवेअर ओपीएनसेन्स टाका, थोडा खटाटोप आहे पण मजा येते. २.५ गिगाबिटचे पोर्ट मिळत असतील तर घ्या, ते जुन्या कॅट ५ई वरही चालतात. आणि अपडेट किती वर्षं येणार ते विचारा, २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांत किमान ५ लाख राउटर आणि तत्सम डबे पोखरले होते.

फायबरवाल्याचा ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात येते तो डबा, स्वतःही राउटरगिरी करत असतो, त्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे पॅकेट नुसतं पुढे सोडण्यावर, टाकायला सांगा नाहीतर नॅट दोनदा होईल. राउटरच्या वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीकडेही एक नॅट आहे, मग दुकानातला डीव्हीआर बाहेरून थेट उघडणार नाही, स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याचे, पैसे वेगळे द्यावे लागतील.

आणि लाइट जाते तिथे मिनी यूपीएस लागतोच, पण तो राउटर आणि ओएनटी दोघांना पुरला पाहिजे, एकट्या राउटरला देऊन उपयोग नाही. घेण्याआधी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचून जा. बाजारात बहुतेक १२ व्होल्टचे मिळतात आणि वरच्या जुन्या हेक्सबरोबर ॲडॉप्टर येतो २४ चा, तरी तो हेक्स ८ ते ३० मध्ये कशावरही चालतो. बाकीच्यांचं आधी तपासा.