सीएनईचे १५० तास आणि केमोच्या सिस्टर : थोडी मागची गोष्ट

नर्सचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची वेळ आली की आमच्या ग्रुपवर एकच विषय, कुणाचे किती तास भरले. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ५ वर्षांना १५० तास सीएनई ठरवलंय, कंटिन्यूइंग नर्सिंग एज्युकेशन, म्हणजे नोकरी करता करता चालू ठेवायचं शिक्षण. मी गोव्यात केमो डे केअरला ड्युटी करते, आणि मला वाटतं तासांच्या हिशोबाआधी हे शिक्षण मुळात लागलं कशाला ते आमच्या नवीन मुलींना सांगायला हवं.

कॅन्सर नर्सिंगमध्ये औषध आधी आलं आणि धडा नंतर, सगळीकडेच. १९४२ मध्ये अमेरिकेत येलला नायट्रोजन मस्टर्ड पहिल्यांदा पेशंटला दिलं, म्हणजे युद्धातल्या विषारी गॅसचाच भाऊबंद, मग १९४७-४८ ला डॉक्टर सिडनी फार्बरनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलांना औषधं देऊन बघितली. तेव्हा हे हाताळायचं कसं हे कुठल्याच नर्सिंगच्या पुस्तकात नव्हतं. आपल्याकडे मुंबईत परळला टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ लाच सुरू झालेलं, पण देशात नर्सच किती? देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या रिपोर्टात ४३,००० माणसांमागे १ नर्स असा आकडा आहे. जिथे साधा वॉर्ड सांभाळायला माणूस नाही तिथे कॅन्सरसाठी वेगळं ट्रेनिंग कोण देणार.

गोव्यात तर तेव्हा पोर्तुगीज. पणजीतली १८४२ ची एस्कोला मेडिका लिबरेशननंतर १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झाली आणि पुढे हॉस्पिटल बांबोळीला गेलं, पण कॅन्सर म्हटलं की गोव्याच्या माणसानं टाटाची वाट धरायची, बोटीनं नाहीतर रात्रीच्या बसनं, हे कितीतरी वर्षं चाललं. माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला असंच नेलेलं, आणि परत आल्यावर घरी ड्रेसिंग कोण करणार हा प्रश्न गावच्या नर्सबाईवर आला, जिनं तशी जखम कधी बघितलीच नव्हती.

आता सदाफुली घ्या. गोव्यात बहुतेक अंगणात तुळशीजवळ असते ती, गुलाबी नाहीतर पांढरी. तिच्यातूनच व्हिनक्रिस्टिन काढलं, अमेरिकेत १९६३ ला त्याला मान्यता मिळाली आणि ल्युकेमियाची किती मुलं त्याच्यामुळे जगली. पण हेच औषध शिरेऐवजी चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर माणूस बहुतेक वाचतच नाही, आणि असं जगात पुन्हा पुन्हा झालं, म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की ते सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या ड्रिपच्या पिशवीतून द्या. कारण साधं आहे, पाठीतून द्यायचं औषध सिरिंजनं देतात, त्यामुळे हातात पिशवी असली की चूक व्हायला जागाच राहत नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला मान्यतेनंतर ४४ वर्षं गेली. प्रत्येक नियमामागे कुणीतरी पेशंट गेलेला असतो, हे मी सेशनमध्ये बसले की मनात ठेवते.

दुसरं उदाहरण माझ्या समोरचं. लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, ते शिरेबाहेर गेलं की आजूबाजूचं मांस जळतं, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पेडण्याच्या एक काकी, ड्रिप निम्मी झालेली, मला हळूच म्हणतात, "सिस्टर, हांगा मात्शें चुरचुरता," म्हणजे इथे जरा चुरचुरतंय. सूज काहीच दिसत नव्हती. मी आधी ड्रिप बंद केली, कॅन्युला, म्हणजे शिरेतली बारीक नळी, तशीच ठेवून सिरिंजनं मागे ओढून बघितलं तर रक्त येईना, जेवढं औषध परत खेचता येईल तेवढं खेचलं, मगच कॅन्युला काढली, बर्फ लावला आणि डॉक्टरांना बोलावलं. बर्फ लक्षात ठेवा, कारण व्हिनक्रिस्टिन बाहेर गेलं तर नेमकं उलट, तिथे गरम शेक द्यायचा, थंड दिलं तर नुकसान वाढतं. दोन्ही औषधं एकाच ट्रेमध्ये येतात कधीकधी! मला हे कॉलेजात नव्हतं शिकवलं, एका सीनियर सिस्टरनं चहाच्या वेळेत शिकवलं. काकींचा हात वाचला.

आणि नर्सचं स्वतःचं काय? आधी वॉर्डातल्याच टेबलावर अँप्यूल फोडायची, सिरिंजमधली हवा तिथेच काढायची, मास्क नाही काही नाही. १९७९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं की ही औषधं हाताळणाऱ्या नर्सेसच्या लघवीत जीन्स बिघडवणारे पदार्थ सापडतात. त्यानंतर जाड ग्लोव्हज, गाऊन, औषध मिसळायची बंद कॅबिनेट, सांडलेलं औषध पुसायचं स्पिल किट हे सगळं हळूहळू आलं. साधारण त्याच काळात नर्सेस एकत्र यायला लागल्या, अमेरिकेत १९७५ ला ऑन्कॉलॉजी नर्सिंग सोसायटी झाली, १९८६ ला सर्टिफिकेशनची पहिली परीक्षा. आपल्याकडे नंतर ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आला, पण घरदार आणि नोकरी सोडून वर्षभर बाहेर राहणं किती जणींना जमतं? म्हणून बहुतेकींसाठी सीएनई हीच एक वाट.

दुखणं कमी करायचं शिक्षण मात्र गोव्याला तसं जवळचं. टाटातले सर्जन डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये मुंबईला वांद्र्यात शांती अवेदना सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा, आणि त्याची शाखा आपल्या लोटलीला आहे. मॉर्फिन वेळेवर द्यायचं, दुखायला लागण्याची वाट बघायची नाही, हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, तिथे बेडपाशी उभं राहिलं की शिरतं.

आता औषधं आणखी वेगानं बदलतायत. २०२४ मध्ये गोवा सरकारनं हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या, ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांना फेस्गो हे इंजेक्शन मोफत द्यायला सुरुवात केली. आधी दोन औषधांच्या ड्रिपमध्ये तास न् तास जायचे, हे मांडीत कातडीखाली द्यायचं, पहिला डोस साधारण ८ मिनिटं, पुढचे ५. ऐकायला सोपं, पण ती ८ मिनिटं हात न हलवता हळूहळू द्यायचं असतं आणि नंतर पेशंटवर लक्ष ठेवायचं असतं.

कायदाही बदललाय, १९४७ च्या जुन्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा आला. मला त्यातून एकच हवंय, तास ड्युटीतच धरा. मी पूर्वी जिथे होते तिथे सेशन नाईट संपल्यावर ठेवायचे, अर्ध्या जणी बसल्या बसल्या झोपायच्या, सही केली की घरी. त्यांना दोष कसा देणार, १२ तास उभं राहून आलेल्या त्या.

आम्ही हल्ली हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवायच्या, आधी १५ मिनिटं घेतो. एक ट्रे, दोन औषधांची नावं, आणि सगळ्यात नवीन मुलीनं सांगायचं, शिरेबाहेर गेलं तर कुठल्या औषधाला बर्फ आणि कुठल्याला शेक.