माहितीफलक लावला की निसर्गप्रेम रुजते का?

अभयारण्यात फलक लावले की लोक ते वाचतात, जाणकार होतात आणि आपोआप निसर्ग जपू लागतात, असा समज गोव्यातही वर्षानुवर्षे रूढ आहे. तो अर्धवट आहे. फलकाने माहिती वाढते हे खरे. परंतु माहितीतून दरवेळी वागणूक बदलतेच असे नाही, आणि शब्द चुकले तर फलक उलटही पडतो.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील अश्मीभूत (दगड बनलेल्या) वृक्षांच्या राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी खुणा केलेले लाकडाचे तुकडे पायवाटांवर ठेवून याची पडताळणी केली. ‘पूर्वी अनेकांनी लाकूड नेल्याने उद्यानाचे रूप बदलले’ असे सांगणाऱ्या फलकाजवळून ७.९२ टक्के तुकडे चोरीस गेले, तर ‘कृपया लाकूड नेऊ नका’ या आशयाच्या विनंतीजवळून केवळ १.६७ टक्के. हानीबद्दलची कळकळ वाचणाऱ्याला ‘सगळेच नेतात’ अशी ऐकू आली.

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात गेल्यास ओहोटीच्या वेळी खारफुटीची पेन्सिलीएवढी श्वासमुळे चिखलातून वर आलेली दिसतात. ‘पर्यटकांच्या कचऱ्याने खारफुटी धोक्यात’ असे तेथे लिहिण्यापेक्षा, ‘झाड या मुळांतून श्वास घेते, कृपया पायवाटेवरूनच चाला’ हे दोन ओळींत आणि त्या मुळांशेजारीच सांगणे मला कितीतरी अधिक परिणामकारक वाटते.