आधी कुणाचा होता हा नंबर?
नवीन सिम घेण्याआधी आणि जुना नंबर सोडण्याआधी वाचावे, आमच्या ग्राहकांसाठी

सिम घ्यायला आलेला माणूस काउंटरवर दोनच गोष्टी विचारतो. नंबर तोंडात बसणारा आहे का, आणि रिचार्ज कितीचा मारायचा. हा नंबर आपल्याआधी कुणाकडे होता, असं आजवर आम्हाला कुणीही विचारलेलं नाही. पाकीट सीलबंद, कार्ड कोरं, मग नंबरही कोराच असणार, असं सगळे धरून चालतात. कार्ड कोरं असतं हे खरं. नंबर बऱ्याचदा वापरलेला असतो.

दहा आकड्यांचे नंबर काही अमर्याद नाहीत. आधी ९ ने सुरू होणारे आले, मग ८, मग ७, आणि आता ६ ने सुरू होणारेही सर्रास दिसतात. तरी कंपन्यांना जुने नंबर फिरवावेच लागतात. त्यात गैर काही नाही. अडचण अशी की नंबर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, पण बँकेत, गॅस एजन्सीत, आधारमध्ये आणि फेसबुकवर तो पहिल्याच माणसाच्या नावाला चिकटून राहतो.

नंबर परत बाजारात येतो कसा

आपल्या भागात बीड-जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. दिवाळीच्या आगेमागे येतात, उन्हाळा लागला की परततात. इथे आल्यावर ऑफर बघून नवं सिम घेतात आणि गावाकडचं सिम ट्रंकेत पडून राहतं. आता हिशेब करा. प्रीपेड सिमवरून सलग ९० दिवस कॉल, मेसेज, नेट, काहीच झालं नाही आणि बॅलन्स २० रुपयांच्या खाली असेल, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. हा नियम २०१३ पासून आहे. बंद झाल्यावर १५ दिवसांत धावपळ केली तर नंबर परत मिळतो. नाही केली तर तो कंपनीच्या गोदामात जातो, आणि तिथून पुढच्या ग्राहकाला देण्याआधी किमान ९० दिवस थांबायचं असतं. नव्वद आणि नव्वद, म्हणजे सहा महिने. टोळी हंगाम संपवून गावी पोचते तोवर ट्रंकेतल्या सिमचा नंबर दुसऱ्याच कुणाच्या खिशात वाजत असू शकतो.

बॅलन्स २० रुपये किंवा जास्त असेल तर तेवढे कापून नंबर राखला जातो. म्हणून ज्यांना सिम नुसतं जिवंत ठेवायचं आहे त्यांना आम्ही आधी साधा टॉपअप मारायला सांगतो. पण नंबर राखला गेला म्हणजे फोन येतीलच असं नाही. त्याला प्लॅनची मुदत लागते. या दोन गोष्टींत घोळ घालू नका.

बंद झालेले नंबर नव्या माणसाला देऊच नयेत, अशी मागणी सुप्रीम कोर्टातही गेली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोर्टाने ती मान्य केली नाही. आपली माहिती सांभाळण्यासाठी लागेल ते जुन्या ग्राहकाने करायचं, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. म्हणजे जबाबदारी शेवटी आपल्यावरच.

तुम्हाला असा नंबर मिळाला तर

पहिल्या आठवड्यातच कळतं. गेल्या वर्षी एका ताईंनी आमच्याकडून सिम नेलं आणि तिसऱ्या दिवशी रडवेल्या होऊन परत आल्या. सकाळी आठपासून वसुलीवाल्यांचे फोन. कुणा भलत्याच माणसाचे गाडीचे हप्ते थकले होते आणि शिव्या ताईंना बसत होत्या. अशा वेळी भांडत बसू नका. ‘हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे’ एवढंच त्या कंपनीला लेखी कळवा. सिम चालू झाल्याचा मेसेज जपून ठेवा, तोच पुरावा. मात्र समोरच्याने मागितला म्हणून आधारचा फोटो पाठवू नका.

व्हॉट्सॲपचं त्यातल्या त्यात बरं आहे. जुना खातेदार ४५ दिवस गायब असेल आणि नंबर दुसऱ्या फोनवर चालू झाला, तर त्याच्या खात्याची माहिती पुसली जाते. त्याने सहा आकडी पिन लावलेला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं. ‘सिम खराब दिलंत’ म्हणून आमच्यावर रागावणाऱ्यांपैकी काहींची तक्रार हीच असते.

टेलिग्रामचं तसं नाही. तिथल्या गप्पा फोनमध्ये नसतात, कंपनीकडे साठवलेल्या असतात. जुन्या माणसाने खातं बंद केलं नसेल आणि वेगळा पासवर्डही लावला नसेल, तर तुम्ही नंबर टाकून ओटीपी दिलात की थेट त्याच्या घरात उभे. त्याचे फोटो, त्याचे ग्रुप, सगळं समोर. असं झालं तर वाचत बसू नका. सेटिंगमध्ये जाऊन ते खातं काढून टाका आणि आपलं नवं उघडा.

यूपीआय ॲपमध्ये नंबर टाकून बँक निवडली की कधीकधी अनोळखी खातं दिसतं, शेवटचे काही आकडे तेवढे उघडे. त्या बँकेत जुन्या माणसाने नंबर बदललेला नाही, एवढाच याचा अर्थ. पिन बसवायला त्याचं डेबिट कार्ड किंवा आधार लागतं, त्यामुळे लगेच पैसे निघतात असं नाही. पण हात लावू नका. गंमत म्हणून पुढे गेलात तरी नोंद तुमच्याच फोनची होते.

‘हा माझाच जुना नंबर आहे हो’

असा फोन येणारच असं धरून चला. समोरचा माणूस अजीजीने बोलतो: दादा, तुमच्याकडे आहे तो नंबर आधी माझा होता, बँकेत अजून तोच आहे, आता एक ओटीपी येईल तेवढा सांगा, माझं काम अडलंय.

पंचाईत अशी की तो खरंही बोलत असेल. लाडक्या बहिणीची ई-केवायसी निघाली तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येत होता, आणि किती बायकांच्या आधारला कुठला तरी जुना, सोडून दिलेला नंबर निघाला! त्यांनी त्या नंबरच्या नव्या मालकाला फोन केला तर त्यात त्यांची काय चूक? तरीही आमचं मत स्पष्ट आहे: ओटीपी सांगायचा नाही. तो त्याच्या खात्याचा आहे की तुमच्या, हे तुम्हाला ओळखता येणार नाही. फसवणारे हीच गोष्ट, याच आवाजात सांगतात. शिवाय तुम्ही सांगितलेल्या ओटीपीने तिसऱ्याच कुणाचं खातं रिकामं झालं तर पोलिसांच्या कागदावर नंबर तुमचा येतो. माणूस खरा असेल तर त्याची सोय वेगळी आहे. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर बदलतो, जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही. बँकेत पासबुक आणि ओळखपत्र घेऊन गेलं की काम होतं. हे त्याला शांतपणे सांगा आणि फोन ठेवा. एवढं सांगणं पुरेसं आहे, त्यात माणुसकी सोडल्यासारखं काही नाही.

जुना नंबर सोडताय?

खरा धोका या बाजूला आहे, आणि इथेच लोक सर्वांत निष्काळजी असतात. ‘त्या नंबरवर आता काही नाही’ असं म्हणणाऱ्या दहाजणांना आम्ही त्यांचं पासबुक उघडायला सांगितलं तर चार-पाच तरी चपापतात.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तिथल्या दोन मोठ्या कंपन्यांकडचे, नव्या ग्राहकांना देऊ केलेले २५९ नंबर तपासले. त्यातल्या १७१ नंबरांना लोकप्रिय वेबसाइटवरची कुणाची ना कुणाची खाती अजून जोडलेली होती. तिकडे ही गत, तर आपल्याकडे जिथे प्रत्येक कामाला नंबर लागतो तिथे काय असेल, याचा अंदाज करा.

नव्या माणसाच्या हातात काय काय पडतं ते बघा. बऱ्याच बँकांत नोंदवलेल्या नंबरवरून मिसकॉल दिला की शिल्लक मेसेजने येते. म्हणजे तुमच्या खात्यात किती आहेत हे त्याला एका मिसकॉलने कळतं. सिलिंडर आल्यावर द्यायचा कोड त्याच्याकडे जातो आणि गॅसवाला तुमच्या दारात उभा राहून चिडतो. ‘पासवर्ड विसरलात का?’ दाबलं की फेसबुक आणि ईमेलचा कोडही तिकडेच. आणि गावाकडून भावाने जुन्या नंबरवर यूपीआय केलं, नाव न बघता, तर ते पैसे कुठे गेले हे शोधत फिरा.

म्हणून क्रम महत्त्वाचा. जुनं सिम चालू असतानाच सगळीकडे नंबर बदला, कारण पुष्कळ ठिकाणी बदलण्यासाठीसुद्धा जुन्याच नंबरवर ओटीपी येतो. आधी बँका, सोसायटी आणि पतसंस्थाही त्यात आल्या. मग आधार. त्यानंतर पीएफ, इन्कम टॅक्स, एलआयसी, गॅस. व्हॉट्सॲपमध्ये नवीन खातं उघडू नका, ‘नंबर बदला’ हा पर्याय वापरा, ग्रुप जसेच्या तसे राहतात. टेलिग्राम आणि गूगल विसरू नका. हे सगळं झाल्यावरही दोन महिने जुनं सिम एखाद्या साध्या डबड्या फोनमध्ये चालू ठेवा. कुठे काय राहिलंय ते त्यावर येणारे मेसेजच सांगतात. याहून चांगली यादी आम्हालाही करून देता येणार नाही.

बंद झालेल्या नंबरांची सरकारी यादी तपासून खात्यांतले नंबर दुरुस्त करा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. चांगलं झालं. पण बँकेने जुना नंबर काढला म्हणून तुमचा नवा आपोआप लागत नाही. मधल्या काळात पैसे निघाल्याचा मेसेज कुणालाच जात नाही.

घरातलं माणूस गेलं की त्याचं सिमही लगेच बंद करण्याची घाई होते. करू नका. पेन्शन, विमा, खात्याचे दावे निपटेपर्यंत तो नंबर रिचार्ज करत राहा, आणि मृत्यूचा दाखला घेऊन वारसाच्या नावावर करून घेता येतो का ते कंपनीच्या गॅलरीत विचारा.

दुसऱ्याच्या नावाचं सिम

‘शेठ, पडून असलेलं एखादं चालू सिम आहे का, बिनकागदाचं?’ महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. आमच्याकडे नाही आणि मिळणारही नाही. खोट्या कागदांवर किंवा दुसऱ्याचं सोंग घेऊन सिम मिळवलं तर दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

गुन्ह्याचा विचार नसला तरी हा व्यवहार मूर्खपणाचा आहे. कारखान्यातला सहकारी गावी जाताना सिम देऊन गेला, तुम्ही त्यावर बँक जोडली, दुकानाच्या पाटीवर नंबर रंगवला. दोन वर्षांनी तो गॅलरीत गेला, ‘सिम हरवलं’ म्हणाला आणि आपल्या अंगठ्यावर नवं कार्ड घेऊन आला. तुमच्या हातातलं कार्ड त्या क्षणी मेलं, आणि पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे. तक्रार कुठे करणार? नंबर त्याचाच होता. चॉइस नंबरच्या हौशी मंडळींनी हे जास्त लक्षात ठेवावं. पैसे मोजून नंबर घेताय तर आधी तो आपल्या नावावर, आपल्या केवायसीने झालाय हे बघा, मगच गाडीच्या मागे लिहा. उलट बाजूने, आपल्या नावाचं सिम कुणाला वापरायला किंवा भाड्याने देणाऱ्याच्या दारात पोलीस आधी येतात.

तुमच्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. महाराष्ट्रात एका नावावर नऊपर्यंत चालतात. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ अशी तिथेच तक्रार करा.

सिम बदलून घेतल्यावर २४ तास मेसेज येत नाहीत, त्यावरून आमच्याशी वाद घालू नका. चोराने तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तर त्यालाही त्या दिवशी ओटीपी मिळू नये म्हणून ते आहे. आणि काही न करता फोनची रेंज अचानक गेली, शेजाऱ्याची मात्र आहे, तर तासभर वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा, बँकेला खातं थांबवायला सांगा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा.

संचार साथीवर तपासणी आणि नंबर बदलायची यादी आम्ही दुकानात बसवून करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना फोन चार्ज करून आणि सगळी पासबुकं घेऊन या. ओटीपी तुमचा तुम्ही टाकायचा, आमच्या मुलांनी विचारला तरी सांगायचा नाही. रविवारी दुपारी दोननंतर दुकान बंद असतं.