असोसिएट हेड कोच म्हणजे पुढचा कोच नव्हे

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये एखादी दिग्गज कोच निवृत्तीला आली की 'असोसिएट हेड कोच' आणि 'कोच-इन-वेटिंग' या दोन पदव्यांची हमखास सरमिसळ होते. पहिली पदवी मानाची आणि पगाराची, हेड कोचनंतरचा दुसरा नंबर एवढाच तिचा अर्थ. दुसरी म्हणजे सरळ युवराज्याभिषेक: कोच अजून गादीवर असतानाच विद्यापीठ पुढचं नाव जाहीर करून टाकतं.

गोंधळ होतो, कारण बऱ्याचदा शेवट सारखाच दिसतो. 13 मे 2024 ला आयोवा विद्यापीठाच्या हेड कोच लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या आणि त्याच दिवशी जॅन जेन्सन यांची नेमणूक झाली. ड्रेक विद्यापीठात ब्लूडर यांच्या हाताखाली खेळलेल्या आणि 2000 मध्ये त्यांच्याबरोबरच आयोवाला आलेल्या जेन्सन. आतल्या आत ठरलेलं असेलही, पण त्या दिवसापर्यंत त्यांची पदवी असोसिएट हेड कोच हीच होती.

खरा फरक कनेक्टिकटमध्ये दिसतो. असोसिएट हेड कोच ख्रिस डेली 1985 पासून हेड कोच जीनो ऑरिएमा यांच्या शेजारी बसतात. ते नसले की सामना त्याच सांभाळतात. तरी त्यांना कोणी युवराज म्हणत नाही. वयाने त्या ऑरिएमांपेक्षा फार लहानही नाहीत.

जाहीर वारसाचा ठळक नमुना पुरुषांच्या खेळातला आहे. ड्यूक विद्यापीठाने जून 2021 मध्येच सांगून टाकलं की हेड कोच माइक शशेव्हस्की यांचा आणखी एकच हंगाम, मग जॉन शायर. फायदा उघड आहे: सतरा वर्षांच्या खेळाडूला संघात घ्यायला तिच्या घरी कोच गेला की आई विचारतेच, 'तुम्ही गेल्यावर माझ्या पोरीकडे कोण बघणार?' तिथे द्यायला एक नाव हाताशी असतं. पण शब्द दिला म्हणजे माणूस थांबतोच असं नाही. टेक्सासने 2008 मध्ये अमेरिकन फुटबॉलसाठी विल मस्चँप यांना वारस ठरवलं. 2010 संपण्याआधी ते फ्लोरिडाचे हेड कोच झाले होते!

आणि टेनेसी? ते प्रकरण दोन्ही व्याख्यांच्या मधोमध अडकतं. ऑगस्ट 2011 मध्ये तिथल्या हेड कोच पॅट समिट यांनी आपल्याला लवकर सुरू होणारा स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगितलं. पुढचा हंगाम नावाला त्यांचा, पण कामाचा बराच भार हॉली वॉर्लिक यांच्यावर. वॉर्लिक त्यांच्याच जुन्या खेळाडू, पुढे 27 वर्षं सहायक. एप्रिल 2012 मध्ये, 1,098 विजयांनंतर, समिट यांनी पत्रकार परिषदेत आपली शिट्टी वॉर्लिक यांच्या हाती दिली.

2019 मध्ये वॉर्लिक यांना काढलं गेलं. त्यांच्या जागी आलेल्या केली हार्पर याही समिट यांच्याच खेळाडू, पण टेनेसीत एक दिवसही सहायक न राहिलेल्या. त्या थेट मिसूरी स्टेटच्या हेड कोच पदावरून आल्या.