बर्फाचा खोळंबा (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये बर्फ पडला की रेल्वे, बस, रस्ते, शाळा आणि कचेऱ्या यांचे वेळापत्रक एकदमच कोलमडते. परदेशातून आलेल्याला नवल वाटते ते त्या बर्फाच्या तुटपुंजेपणाचे. जेवढ्या बर्फाने हेलसिंकीत कोणी मान वर करून पाहणार नाही, तेवढ्याने लंडनच्या उपनगरी गाड्या रद्द होतात आणि 'एवढ्याशा बर्फाने देश बंद कसा पडतो' हा ब्रिटिशांचा आवडता वैताग सुरू होतो. वैताग समजण्यासारखा आहे, पण खोळंब्याचे मूळ बर्फ क्वचित आणि बेभरवशाचा पडतो यात आहे. जो पाहुणा दरवर्षी ठरलेल्या दिवशी येतो त्याची सोय करता येते. हा तसा येत नाही.

१९८१ ते २०१० या काळाच्या सरासरीनुसार ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे २४ दिवस बर्फ किंवा बर्फमिश्रित पाऊस पडतो, आणि जमिनीवर तो साचून राहतो जेमतेम १६ दिवस. त्यातही मोठा वाटा डोंगराळ भागाचा: स्कॉटलंडचे हेच आकडे ३८ आणि २६ आहेत. अटलांटिकवरून येणारी दमट, उबदार हवा आणि पूर्वेकडून युरोप खंडावरून येणारे बोचरे वारे यांची गाठ या बेटांवर पडते, त्यामुळे पारा शून्याच्या आसपास घुटमळत राहतो. पाऊस की बर्फ हे एखाद्या अंशावर ठरते. दुपारी वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते. थंड देशांतला कोरडा, महिनोन्‌महिने टिकणारा बर्फ त्या मानाने सरळ स्वभावाचा म्हणायचा.

मराठीत 'बर्फ' म्हटले की आभाळातून पडणारे भुसभुशीत हिमही आले आणि गोठून कडक झालेले पाणीही. ब्रिटनमध्ये रोज कामावर जाणाऱ्याला हा भेद चांगलाच ठाऊक असतो. ताजे हिम पायाखाली करकरते, त्यावरून चालता येते. दुसऱ्या दिवशी त्याचा काळपट राडा होतो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तोच राडा काचेसारखा गोठलेला असतो. सर्वांत वाईट 'ब्लॅक आइस': डांबरावरचा इतका पातळ, पारदर्शक थर की रस्ता नुसता ओला वाटतो.

रेल्वेचे दुखणे समजून घ्यायचे तर थेम्सच्या दक्षिणेला जावे. तिथल्या बहुतेक उपनगरी मार्गांवर डोक्यावर विजेची तार नसते. रुळांच्या बाजूने, जमिनीपासून थोड्याच उंचीवर तिसरा रूळ जातो आणि त्यातून सुमारे ७५० व्होल्टची डीसी वीज वाहते. डब्याखालून बाहेर आलेला धातूचा तुकडा, ज्याला 'शू' म्हणतात, तो या रुळाच्या माथ्यावर घासत जातो. त्या माथ्यावर बर्फाचा पापुद्रा धरला की निळ्या-पांढऱ्या ठिणग्या उडतात, गाडी आचके देते आणि दोन स्थानकांच्या मध्येच उभी राहते. म्हणून कडक थंडीच्या रात्री प्रवाशांविना गाड्या फिरवून रूळ मोकळा ठेवतात, गोठण रोखणारा द्रव फवारणाऱ्या गाड्या सोडतात आणि गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांना हीटर लावतात. मार्च २०१८ च्या सुरुवातीला लंडनमधल्या लुइशमजवळ गाड्या तासन्‌तास अडकल्या, तेव्हा काही प्रवासी वैतागून दार उघडून रुळांवर उतरले. माणसे रुळांवर असताना तिसऱ्या रुळाची वीज बंद करावीच लागते. मग मागच्या गाड्याही जागच्या जागी.

रेल्वे आणि बर्फ म्हटले की ब्रिटिश माणसाच्या तोंडी एक शब्दप्रयोग हमखास येतो: 'चुकीच्या प्रकारचा बर्फ'. फेब्रुवारी १९९१ मध्ये ब्रिटिश रेलच्या एका अधिकाऱ्याने रेडिओवर सांगितले की या वेळच्या बर्फाच्या प्रकारामुळे त्रास होतो आहे. वृत्तपत्रांनी त्याचा मथळा केला आणि तेव्हापासून कुठल्याही लंगड्या सबबीला हेच नाव पडले. अधिकारी बिचारा खरे बोलत होता. पिठासारखा कोरडा, बारीक बर्फ इंजिनाला हवा पुरवणाऱ्या झरोक्यांतून आत ओढला जाऊन इंजिनातल्या विजेच्या मोटरींत वितळत होता आणि त्या जळत होत्या. डिसेंबर २००९ मध्ये तशाच भुरभुरीत बर्फाने युरोस्टारच्या पाच गाड्या इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात बंद पाडल्या. दोन हजारांहून अधिक प्रवासी आत अडकले.

रस्त्यांचा सगळा भरवसा मिठावर आहे. चेशरमधील विन्सफर्डच्या खाणीतून निघणारे तांबूस-तपकिरी खडेमीठ 'ग्रिटर' नावाचे ट्रक रात्री-अपरात्री रस्त्यांवर फेकत जातात. खडे वाहनांच्या चाकांखाली भरडले गेले तरच मीठ नीट पसरते, त्यामुळे निर्जन रस्त्यावर त्याचा गुण कमी. बर्फाआधी पाऊस झाला तर ते वाहून जाते, आणि पारा शून्याखाली आठ-दहा अंशांवर गेला की त्याची मात्रा चालेनाशी होते. स्कॉटलंडमध्ये या ट्रकांना नावे आहेत ('ग्रिटनी स्पीअर्स', 'सर अँडी फ्लरी': गायिका ब्रिटनी स्पीअर्स आणि टेनिसपटू अँडी मरी यांच्या नावांवरच्या कोट्या) आणि कोणता ट्रक कुठे आहे ते लोक घरबसल्या नकाशावर पाहतात. जर्मनीप्रमाणे हिवाळी टायरची सक्ती ब्रिटनमध्ये नाही, म्हणून मीठ न पडलेल्या गल्लीतली मोटार चढावर जागच्या जागी चाके फिरवत बसते. जानेवारी २००३ च्या अखेरीस एम-११ महामार्गावर लोकांनी अख्खी रात्र मोटारीत काढली. डिसेंबर २०१० मध्ये ग्लासगो आणि एडिंबराला जोडणाऱ्या एम-८ वर तेच घडले आणि स्कॉटलंडचे परिवहनमंत्री स्टुअर्ट स्टीव्हन्सन यांना राजीनामा द्यावा लागला.

कामकाजाच्या दृष्टीने नमुन्याचा दिवस म्हणजे सोमवार, २ फेब्रुवारी २००९. लंडनमध्ये १८ वर्षांत पडला नव्हता एवढा बर्फ रात्रीत पडला आणि शहरातल्या झाडून सगळ्या बस बंद ठेवाव्या लागल्या. भुयारी रेल्वेही वाचली नाही, कारण नाव भुयारी असले तरी तिचा निम्म्याहून अधिक मार्ग उघड्यावर आहे. लहान व्यावसायिकांच्या महासंघाच्या अंदाजानुसार त्या दिवशी देशातला दर पाचवा नोकरदार कामावर पोहोचला नाही. महापौर बोरिस जॉन्सन यांनी १९९१ चा विनोद उलटवून सांगितले, की बर्फ योग्य प्रकारचाच आहे, प्रमाण तेवढे चुकले.

अशा दिवसाची सुरुवात अंधारातच होते. पहाटे सहाला कोणी फोनवर गाड्यांची स्थिती पाहतो, कोणी मोटारीच्या काचेवरचा थर प्लॅस्टिकच्या खरवडणीने, ती सापडत नसेल तर चक्क जुन्या बँककार्डाने, खरवडत असतो. शाळा उघडायची की नाही हे मुख्याध्यापक ठरवतात, आणि तो निरोप आला की घरातल्या निदान एकाची कचेरी बुडालीच. मुलांना सांभाळायला अचानक कोणी नसेल तर रजा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण त्या रजेचा पगार देण्याची सक्ती मालकावर नाही. बर्फामुळे पोहोचता आले नाही तरी तेच: करारात किंवा कंपनीच्या नियमांत तरतूद नसेल तर मालक पगार कापू शकतो किंवा वार्षिक रजा घ्यायला सुचवतो. मालकानेच दार बंद ठेवले तर गोष्ट बहुधा वेगळी. २०२० नंतर घरून काम करण्याची सवय लागली आणि लॅपटॉपवाल्यांचा प्रश्न बराचसा मिटला. त्यांची आयती सुट्टीही गेली. परिचारिका, सफाई कामगार, वृद्धांच्या घरी जाऊन देखभाल करणारे यांना ही सोय नाही. बर्फाच्या दिवसांत दणकट फोर-बाय-फोर गाड्या असलेले स्वयंसेवक परिचारिकांना रुग्णालयात पोहोचवतात, आणि काही जणी सरळ चालत निघतात.

'आमच्या वेळी असे नव्हते' हे म्हाताऱ्यांचे पालुपद इथेही ऐकू येते. ते पूर्ण खरे नाही. १९४७ च्या हिवाळ्यात २२ जानेवारी ते १७ मार्च या काळात देशात कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता. कोळशाच्या वाघिणी अडकल्या, कारखान्यांची वीज तोडली गेली आणि लाखो कामगार घरी बसले. १९६३ च्या जानेवारीत मध्य इंग्लंडचे सरासरी तापमान उणे २.१ अंश होते.

निष्काळजीपणा कोणाचा, यावर न्यायालयातही खल झाला आहे. रस्त्यावरचा बर्फ हटवणे ही महामार्ग कायद्याखाली स्थानिक प्रशासनाची जबाबदारी ठरत नाही, असा निकाल तेव्हा देशाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० मध्ये दिला. २००३ मध्ये कायदा बदलला आणि इंग्लंड व वेल्समध्ये, वाजवीपणे शक्य असेल तितके, रस्ते बर्फापासून सुरक्षित ठेवणे बंधनकारक झाले. घरापुढच्या पदपथाचे मात्र अजून गैरसमजावर चालते: बर्फ हटवला आणि मग तिथे कोणी घसरून पडले तर आपल्यावर दावा लागेल, या भीतीने कित्येक जण फावडे बाहेर काढत नाहीत. असा दावा लागण्याची शक्यता फार कमी, असे सरकारी 'स्नो कोड' सांगतो. साधे खाण्याचे मीठही चालते, सकाळी लवकर काम उरकावे आणि गरम पाणी अजिबात ओतू नये, कारण तासाभरात त्याचाच ब्लॅक आइस होतो.