पडद्यावर नसलेला वाडा

मागच्या महिन्यात इंदूरला आई आणि लेकीबरोबर सिनेमाला गेले होते. पडद्यावर एक म्हातारा रिकाम्या घरात चहा करत होता, ट्रान्झिस्टरवर जुनं गाणं लागलं होतं. संवाद एकही नाही. आईने पदर डोळ्यांना लावला. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, मला रामबागेतला आपला वाडा दिसला. बाबांचा रेडिओ दिसला."

पडद्यावर यातलं काहीच नव्हतं. तो वाडा आईनेच तिथे नेला होता.

पेत्र जनाटा या मेंदूशास्त्रज्ञाने २००९ साली लोकांना त्यांच्या लहानपणीची आणि किशोरवयातली लोकप्रिय गाणी ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. गाण्याने स्वतःची आठवण जागी झाली की कपाळामागचा, मेंदूच्या मधल्या रेषेजवळचा भाग अधिक सक्रिय व्हायचा. स्वतःविषयीचा विचारही याच भागाशी जोडलेला आहे. म्हणून त्या म्हाताऱ्याचं एकटेपण बघताबघता आपलं होतं.

मला याहून विलक्षण वाटतं ते ओळखीच्या चालीचं बळ. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की आवडत्या संगीतातला अंगावर काटा आणणारा क्षण यायच्या काही सेकंद आधीच मेंदूत डोपामाइन, म्हणजे सुखाच्या ओढीशी जोडलेलं रसायन, स्रवू लागतं. आणि आता कुठली जागा येणार, हे पाठ असलेल्या गाण्याइतकं पक्कं दुसरं कशात कळणार? नव्या पार्श्वसंगीताला ही वाट आधी तयार करावी लागते. जुन्या गाण्याची ती आपल्या आत कधीच तयार झालेली असते. पडद्यावरचा माणूस कप उचलतो, तेव्हा आपण त्या सुरावर त्याच्या आधी पोचून त्याची वाट बघत असतो.

माणसाला पुढे सगळ्यात जास्त आठवतात ती साधारण १० ते ३० वयातली वर्षं, आणि त्या काळातली गाणीही. आईचं रडणं त्यात बसतं. पण माझी लेक एकोणीस वर्षांची, तीही रडली होती! कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांनी २०१३ साली विशीतल्या विद्यार्थ्यांना जुनी-नवी गाणी ऐकवली, तेव्हा त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही त्यांना जवळची वाटली. घरात सतत कानावर पडलेलं असतं ना!

लेकीला विचारलं, तुला काय दिसलं गं?

"आजीचं स्वयंपाकघर," ती म्हणाली. "कुकरच्या शिट्टीत आजी गात असते ते."